बंद पलंगातला हिवाळा

मी एक जुनी डासीण आहे. जुनी म्हणजे आठ महिन्यांची. हसू नका, मित्रांनो. आमच्यात तीन आठवडे जगले की पोक्त म्हणतात, आणि दोन महिने जगले तर लोक तोंडावर कौतुक करून पाठीमागे संशय घेतात. आठ महिने म्हणजे मी आत्तापर्यंत कुणाची तरी पणजीची पणजी असायला हवी होते. तशी मी नाही. मला मूलबाळ नाही. का नाही ते पुढे सांगते. तीही गोष्ट फारशी अभिमानाची नाही.

एरवी आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू आपण माणसांच्या किती कामी आलो ते सांगतात. छत्री मालकासाठी भिजते, खुर्ची ओझे वाहते, मग दोघी अडगळीत जाऊन पडतात आणि वाचणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझी पंचाईत अशी की मी कुणाच्याच कामी आले नाही. माझ्यामुळे एका आठ वर्षांच्या मुलीचे दात एक दिवसाआड वाजू लागले आणि एका मोलकरणीवर गाव सोडायची पाळी आली. त्या दोघींनी माझे काहीही वाईट केले नव्हते. तेव्हा तुम्ही रुमाल काढला असेल तर तो खिशात ठेवा.

माझा जन्म ऑगस्टच्या शेवटी एका चरात झाला. आमचा मुलूख हॉलंडच्या उत्तरेचा. तिथे माणसांनी समुद्र मागे ढकलून जमीन केली आहे. समुद्राने ते वरवर मान्य केले, पण बांधाखालून तो झिरपतच राहिला. त्यामुळे चरांचे पाणी गोडेही नाही आणि खारेही नाही. मीठ टाकताना हात आखडलेल्या आमटीसारखे. आमच्या घराण्याला असेच पाणी मानवते. आईने एकेक अंडे सुटे सुटे घातले, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी हवेच्या पिशव्या, बुडू नये म्हणून. अंड्यातून निघाल्यावर पाण्याच्या अगदी वरच्या थराला आडवे चिकटून राहायचे आणि मान पूर्ण उलटी फिरवून वरचे शेवाळ खायचे, हे आमचे बालपण. बदकांनी आणि माशांनी माझी बरीच भावंडे खाल्ली. मला खाल्ले नाही. याबद्दल माझा त्यांच्यावर राग आहे.

दूर पूर्वेला, वाळूच्या मुलखात, गोड्या पाण्यावर आमची चुलत घराणी राहतात. दिसायला आम्ही इतक्या सारख्या की भिंग लावूनही चटकन ओळखू येत नाही. पण वळण वेगळे. त्या बाया थंडी लागण्याआधी अंगात चरबी साठवतात, एखाद्या गारठलेल्या कोठारात जाऊन बसतात आणि वसंत ऋतूपर्यंत गाढ झोपतात. आमच्याकडे चरबी अर्धवट आणि झोपही अर्धवट. थंडी आली की आमचे नवरे मरून जातात, आम्ही अंडी घालणे बंद करतो आणि जिथे ऊब असेल तिथे जाऊन बसतो. पण डोळा काही लागत नाही. आठ-दहा दिवस गेले की भूक लागते. एक घोट रक्त प्यायचे आणि पुन्हा भिंतीला चिकटायचे. उन्हाळ्यात चावणारी डासीण निदान म्हणू शकते की लेकरांसाठी चावते. मला तेही निमित्त नव्हते. पोटात अंडे नाही, पुढे कुणी यायचे नाही, नुसता स्वतःचा जीव तगवायला मी चावत होते.

मी आसरा घेतला ते घर आफ्येचे. उंच गवती छपराचे शेतघर; माणसे, गाई, गवत आणि डुक्कर सगळे त्या एकाच छपराखाली. आफ्येचा नवरा वीखर्ट दिवसभर गाईंत असे, आणि बोलण्याचे काम त्याने बायकोवर सोपवले होते. आफ्ये ते काम उरकून बाकीचा वेळ घासण्यात घालवी. तिच्या गोठ्यात गाईंच्या शेपट्या दोरीने वर बांधलेल्या असत, शेणाने माखू नयेत म्हणून. घराच्या पुढच्या बाजूला मिरवायची खोली होती. तिथे चिनी मातीच्या ताटल्या होत्या, चकचकीत घड्याळ होते, आणि आफ्येची सासू वारल्यानंतर कुणीही बसलेले नव्हते. दर शनिवारी ती खोली घासली जाई. न बसलेल्या खुर्च्यांवरची न पडलेली धूळ काढणे हे सोपे काम नाही. गावात आफ्येच्या स्वच्छतेचा दबदबा होता, आणि आफ्ये त्या दबदब्याच्या धाकात होती.

मी राहिले मागे, डुकराच्या खणात. त्याची भिंत स्वयंपाकघराच्या चुलीला लागून, त्यामुळे कायम कोमट. डुक्कर म्हणजे आमची शेगडी आणि खाणावळ. शेकडो जणी त्याच्यावर जगत होतो आणि त्याने कधी कान हलवण्यापलीकडे तक्रार केली नाही. तसेच चालते तर हे आत्मवृत्त इथेच संपले असते आणि तुम्हाला खेळायला जाता आले असते.

पण सप्टेंबरात एका दुपारी डुकराला अंगणात नेऊन धूत होते, आणि त्याच्या जागी सेमेन आजोबा येऊन बसले. वीखर्टचे वडील. पाठ दुखायची म्हणून ते रोज जेवणानंतर त्या कोमट भिंतीला टेकून, पालथ्या बादलीवर बसत आणि डुकराशी बोलत. जूनमध्ये त्यांना एक दिवसाआडचा ताप येऊन गेला होता. आता बरे होते, निदान दिसत तरी तसेच होते. पाईप विझला, मान कलली. मला भूक लागली होती आणि डुक्कर जागेवर नव्हते. मी त्यांच्या मनगटावर बसले. एकच घोट.

त्या घोटाबरोबर माझ्या पोटात काय गेले ते मला कळले नाही. ते तापाचे बीज चुलीच्या उबेत पंधरा-वीस दिवस माझ्या पोटात वाढले आणि मग माझ्या थुंकीत येऊन बसले. मी गारठ्यात असते तर ते तिथेच थिजून राहिले असते. हे सगळे शहाणपण मला फार पुढे मिळाले. तेव्हा मला इतकेच वाटले की म्हाताऱ्याच्या रक्ताला तंबाखूचा वास येतो.

ऑक्टोबरात एक माणूस सायकलवरून आला. त्याचे नाव हार्मेन. तापाचा शोध घेणाऱ्या एका कचेरीने त्याला घरोघर डास पकडून मोजायला नेमले होते. खांद्याला पिशवी, पिशवीत काचेच्या नळ्या आणि कापसाचे बोळे. गाव त्याला डासवाला म्हणे.

"डास बघायचेत," तो दारात उभा राहून म्हणाला.

"कुणाचे?" आफ्ये म्हणाली.

"तुमचे."

"माझ्याकडे नाहीत. पलीकडे दीवर्त्येकडे बघा. तिच्याकडे सगळंच असतं."

"तिनं मला तुमच्याकडे पाठवलं."

आफ्येने ओठ आवळले, डासवाल्याला बूट काढायला लावले आणि त्याला थेट मिरवायच्या खोलीत नेले. "बघा. छत बघा, पडद्यामागं बघा. घड्याळ उघडून देऊ?"

त्या खोलीत शेगडी पेटत नसे आणि माणूस श्वास घेत नसे. डास तिथे कशाला जाईल? तरी त्याने इमानाने कोपरे बघितले. मोलकरीण ग्रीट दारात उभी होती. वाळूच्या मुलखातली वीस वर्षांची पोर, मनात येईल ते तोंडाने बोलणारी. ती म्हणाली, "बाई, मागं डुकराच्या भिंतीला तर नुसते—"

"ग्रीट, दूध उतू जातंय."

"दूध चुलीवर नाहीच आहे, बाई."

"मग ठेव!"

डासवाल्याने वहीत लिहिले: आढळले नाहीत. आफ्येने ते वाचून बघितले, मग त्याला कॉफी दिली.

नोव्हेंबर हा आमच्याकडे डुकरे मारायचा महिना. आमचेही मारले. उघडे फाडून, शिडीला बांधून पुढच्या दारापाशी उभे केले आणि रिवाजाप्रमाणे शेजारीपाजारी त्याची चरबी वाखाणायला आले. वाखाणल्याशिवाय जिनचा पेला मिळत नाही, त्यामुळे सगळे मनापासून वाखाणतात.

"चार बोटं चरबी आहे की गं!" दीवर्त्ये म्हणाली. "माझ्या नवऱ्यालासुद्धा एवढी नाही."

"त्याला तू खायला घालतेस कुठं," आफ्ये म्हणाली आणि खूश होऊन तिचा पेला भरला.

सेमेन आजोबांनी पेला घेतला नाही. "शहाणं होतं," ते म्हणाले. "मी बोलताना मध्ये बोलायचं नाही." नेलला, म्हणजे त्यांच्या आठ वर्षांच्या नातीला, डुकराचे मूत्राशय फुगवून केलेला फुगा खेळायला मिळाला आणि ती तो लाथाडत अंगणभर पळत सुटली.

आमची मात्र खाणावळ बंद पडली. भिंत गार पडली. गाई होत्या, पण गोठा वाऱ्यावरचा, आणि आफ्ये तिथे सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतून भिंती झाडून काढी. तिथे कोण टिकणार? मग आम्ही ऊब शोधत स्वयंपाकघरात शिरलो आणि तिथल्या भिंतीत आम्हाला स्वर्ग सापडला. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात पलंग, आणि पलंगाला कपाटासारखी दोन लाकडी दारे. आत पिसांची गादी आणि नेल. चरावरून येणाऱ्या सर्द हवेतून ताप येतो अशी आफ्येची पक्की समजूत होती, म्हणून लेक झोपली की ती दोन्ही दारे घट्ट लावून घेई. ताप बाहेर राहावा म्हणून दारे लागत, आणि आम्ही आधीच आत असायचो.

दाराला बदामाच्या आकाराचे एक भोक होते. सकाळी त्यातून उजेड यायचा आणि छताच्या फळीवर बसलेली मी नेलला दिसायचे. आमच्या घराण्याची बसायची तऱ्हा तुम्ही पाहिली असेल: डोके फळीला, शेपूट हवेत, टोचून ठेवल्यासारखे. नेलने माझे नाव टाचणी ठेवले.

मित्रांनो, तिने मला मारले नाही. हात पोहोचत होता तरी मारले नाही. उलट रोज झोपण्याआधी ती मला शाळेतले सांगायची.

"टाचणे, आज मास्तर शिंकले आणि त्यांचा दात बाहेर आला. खोटा होता. कुणाला सांगू नकोस हं."

मी कुणाला सांगितले नाही. तिचे बोलणे पूर्ण होऊ द्यायचे, श्वास संथ होऊ द्यायचा, आणि मगच कानाच्या पाळीवर उतरायचे, एवढी सभ्यता मी पाळली. हा माझा गुण म्हणून सांगत नाही. उलट हेच आठवले की मला पंखात तोंड लपवावेसे वाटते, आणि आमचे पंख पारदर्शक असतात.

आफ्येला काहीच ठाऊक नव्हते असे समजू नका. जानेवारीत एका पहाटे तिने दारे उघडली, वर पाहिले, पायातली सपात काढली आणि माझ्या दोन बहिणींना फळीवर चिरडले. लाल ठिपके उठले. ते रक्त तिच्याच लेकीचे होते. आफ्येने कमरेला बांधलेल्या फडक्याच्या टोकाला थुंकी लावून ते खसाखसा पुसले आणि मागे वळून पाहिले. ग्रीट उभी होती.

"डास होता का, बाई?"

"मुरंब्याचा डाग होता."

"पलंगाच्या छताला?"

"ग्रीट, तुला काम नाही का?"

ग्रीटला काम होते. ती गेली. आफ्येने तेव्हाच पलंग बाहेर ओढून फटी झाडल्या असत्या, तर निम्म्या आम्ही मेलो असतो. पण जानेवारीत पलंग बाहेर ओढला तर शेजारीण विचारणार, का गं ओढलास? घासण्याचा दबदबा असलेल्या बाईला अवेळी घासता येत नाही, ही तिची अडचण मला फळीवरून स्वच्छ दिसत होती. तिने दारे लावून टाकली.

फेब्रुवारीत कालवे गोठले. ग्रीट नेलला घेऊन बर्फावर घसरायला गेली. वाळूच्या मुलखातल्या माणसाला हे कळत नाही की बोरूच्या बेटापाशी बर्फ कायम कच्चा असतो. नेलचा पाय आत गेला, गुडघ्यापर्यंत. ग्रीटने तिला बाहेर ओढले, आपल्या झग्यात गुंडाळले आणि पळत घरी आणले. नेलला साधे पडसेसुद्धा झाले नाही. तिने मला सांगितले ते असे: "टाचणे, आज मी बुडता बुडता वाचले. फार मजा आली." पण दीवर्त्येने ते खिडकीतून पाहिले होते, आणि तिने पाहिलेली गोष्ट सहसा वाया जात नाही.

मग एप्रिल आला. एका मंगळवारी दुपारी नेल शाळेतून आली ती कुडकुडत. तीन पांघरुणे घातली तरी पलंगाच्या फळ्या तिच्या थरथरण्याने वाजत होत्या. मी वर बसले होते, मला ते पायातून कळत होते. मग अंग तव्यासारखे तापले, मग घामाने गादी भिजली. बुधवारी ती उठून खेळली. गुरुवारी पुन्हा थंडी. शुक्रवारी ठीक. शनिवारी पुन्हा.

सेमेन आजोबा पलंगाशी खुर्ची घेऊन बसले. "हा माझाच ताप," ते म्हणाले. "एक दिवसाआडचा. बघितल्याबरोबर ओळखला."

"तुमचा चराच्या हवेचा, मामंजी," आफ्ये म्हणाली. "हिचा बर्फाचा."

"बर्फाला दोन महिने झाले की."

"मुरला अंगात."

दीवर्त्ये रोज विचारपूस करायला येऊ लागली. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ती बशीतली कॉफी फुंकत म्हणे. "त्या वाळूवाल्यांना पाणी म्हणजे काय ते कळत नाही. पोर बुडवलं आणि वर हसत घरी आली."

ग्रीट पलीकडे भांडी घाशीत ऐकत होती. आमच्याकडे मोलकरणींचे वर्ष मेमध्ये संपते आणि मेमध्ये सुरू होते. नवी मालकीण जुन्या मालकिणीला विचारते, पोर कशी आहे? आफ्येने उत्तरादाखल नुसता उसासा टाकला तरी गावात ग्रीटला कुणी दारात उभे करणार नव्हते. आणि गावाबाहेर ग्रीटला जायला एकच जागा होती. तिची आई पूर्वेकडच्या एका दलदलीच्या वस्तीत गुडघाभर चिखलात उभी राहून जळणासाठी कुजकी माती कापी. तिच्या शेजारी उभे राहायचे.

"बाई, ती बर्फात पडल्याला नऊ आठवडे झाले," ग्रीट म्हणाली. "तुम्हाला खरंच वाटतं, माझ्यामुळं झालं?"

आफ्येने पलंगाकडे पाहिले. फळीवर अजून एक पुसट तांबूस ठिपका राहिला होता. मी त्याच्या शेजारीच होते. आफ्येची नजर ठिपक्यावर गेली, माझ्यावर गेली, आणि तिने दार लावले.

"गुरुवारी जेवणानंतर गाडी आहे पूर्वेकडची," ती दाराशी बोलल्यासारखी बोलली. "महिना संपायची वाट बघायला नको."

गुरुवार उजाडला. नेलचा तापाचा दिवस. ग्रीटची लाकडी पेटी दाराशी येऊन उभी राहिली. दीवर्त्ये निरोपाला म्हणून कॉफीच्या आधीच हजर होती. आणि नेमका डासवाला आला. डॉक्टरने नेलला कडू पूड सुरू केली होती आणि कचेरीला कळवलेही होते.

"बर्फात पडली होती," आफ्येने तो काही विचारायच्या आत सांगितले.

"बर्फातून हा ताप येत नाही, बाई. बर्फात डास नसतो." हार्मेन दमला होता, वाऱ्याविरुद्ध सायकल मारून त्याच्या मनगटावर घाम आला होता. "एका माणसाचा ताप डास दुसऱ्याकडे नेतो. आणि वसंतात जो ताप उठतो, तो बहुतेक आधीच्या हिवाळ्याच्या तोंडाला अंगात शिरलेला असतो. पाच-सहा महिने, कधी आठ, आत दडून राहतो."

"अगं बाई," दीवर्त्ये म्हणाली. "मग इतके दिवस करत काय होता?"

"वाट बघत होता. घरात आधी कुणाला ताप होता?"

"मला," सेमेन आजोबा म्हणाले. "गेल्या जूनमध्ये."

मी फळीच्या फटीत बसल्या बसल्या ऐकत होते. मी मनातल्या मनात मागे मागे गेले. म्हातारा, मी, पोर. म्हाताऱ्याचे मनगट, माझे तोंड, नेलच्या कानाची पाळी. तोवर माझी समजूत होती की मी फक्त घेते. घोटभर घेते, कुणाच्या खिजगणतीत नसलेले घेते. मी काही देतही होते, हे मला त्या गुरुवारी कळले.

"इथं झोपते ना ती? आत डास आहेत का?" हार्मेनने विचारले.

"गेल्या खेपेलाच लिहून गेलात," आफ्ये म्हणाली. "नाहीत."

"आहे," पलंगातून आवाज आला. दात वाजत होते, त्यामुळे शब्द तुटत होते. "टा-टाचणी आहे. हिवाळाभर आहे. ती मा-माझी आहे."



"तापात बरळते," आफ्ये म्हणाली.

"मी बरळत नाही! ग्रीट, सांग ना! तू पण बघितलीस!"

ग्रीट पेटीवर हात ठेवून उभी होती. तिने आफ्येकडे पाहिले आणि खाली पाहिले. तोंडाला येईल ते बोलणारी ती पोर त्या दिवशी काही बोलली नाही. जायचेच आहे तर कशाला, असे तिला वाटले असावे.

मित्रांनो, इथे मला सांगता आले असते की माझी शरम जागी झाली, एका निष्पाप मोलकरणीसाठी आणि खोटी ठरत चाललेल्या माझ्या सोबतिणीसाठी मी स्वतःहून पुढे झाले. पुस्तकात ते शोभलेही असते. खरे असे आहे की मी नऊ दिवसांची उपाशी होते आणि डासवाल्याच्या मनगटाला घामाचा उबदार वास येत होता. दार किलकिले होते. मी शरमलेली होते आणि भुकेलेली होते, आणि उडाले ते भुकेने. मनगटावर बसले. सोंड टेकवणार इतक्यात वरून काचेची नळी आली.

हार्मेनने नळी उजेडात धरली. "ठिपक्यांचे पंख. हीच ती जात."

"टाचणे!" नेल ओरडली.

"तुमच्या सायकलवर बसून आली असेल," आफ्ये म्हणाली. आवाजात जीव नव्हता.

"असेल," हार्मेन म्हणाला. त्याने कापसाचा बोळा लावला. तो काही चिडला नाही; अशी घरे तो रोज बघत होता. "एकटीवरून काहीच सिद्ध होत नाही. आतल्या फळ्या बघू द्या, नाहीतर पुन्हा तेच लिहितो आणि जातो. पलंग तुमचा आहे, बाई."

दीवर्त्येने कप बशीत ठेवला. तिला एक अक्षरही चुकवायचे नव्हते. बाहेर गाडीचे घोडे फुरफुरले. ग्रीटने पेटीची कडी हातात घेतली. आत नेलची थरथर वाढली आणि फळ्या खडखड वाजू लागल्या. नळीतून मला आफ्येचा चेहरा दिसत होता. मानेपासून वर लाली चढत होती. वीस वर्षे तिने ज्या नजरेसाठी उंबरे घासले ती नजर समोर खुर्चीत बसून कॉफी पीत होती. मला त्या क्षणी तिची कीव आली, आणि डासिणीला आपली कीव यावी असे त्या बाईने काय पाप केले होते?

आफ्ये उठली. तिने पलंगाची दोन्ही दारे भिंतीला लागेपर्यंत उघडली. नेलला पांघरुणासकट उचलून आजोबांच्या मांडीवर दिले. मग दिवा आणला, स्वतः आत चढली, गुडघ्यांवर बसली आणि फळ्या, फटी, कोपरे एकेक करून उजेडात धरले.

"तीन," ती म्हणाली. "इथं आणखी चार. सात. हे बघा, उशाशी. अकरा."

हार्मेन लिहीत होता.

"सतरा. नळीतली धरून अठरा." ती खाली उतरली, गुडघे झाडले. "लिहा. आफ्येचं घर. मागचा पलंग. अठरा. गेल्या खेपेला मी तुम्हाला पुढची खोली दाखवली, तेही लिहा, रकाना असेल तर."

"त्याला रकाना नाही," हार्मेन म्हणाला.

मग ती वळली. "दीवर्त्ये, तू हे गावभर सांगणारच आहेस. सांग. पण आकडा बरोबर सांग. अठरा. आणि पोर ग्रीटमुळं आजारी नाही, हे त्याच दमात सांग. पहिलं सांगून दुसरं विसरलीस तर मी स्वतः दारोदार जाऊन दोन्ही सांगेन."

दीवर्त्येने तोंड उघडले आणि, मी हे पहिल्यांदाच पाहिले, तसेच मिटले.

ग्रीट अजून कडी धरून उभी होती. आफ्ये तिच्याकडे बघू शकली नाही. तिने पेटीची दुसरी कडी धरली. "चल," ती म्हणाली, "परत माळ्यावर न्यायची तर दोघी लागतील. मला एकटीला झेपणार नाही."

माझे पुढचे फारसे काही नाही. मी नळीत आहे. वर कापूस, खाली चिठ्ठी. चिठ्ठीवर गावाचे नाव आणि 'मागचा पलंग'. सायकल कचेरीकडे चालली आहे. उद्या भिंगाखाली माझे पोट उघडतील. त्यांना काय सापडेल ते मला ठाऊक नाही. सापडावे अशी माझी इच्छा आहे. नेलची पूड चालू आहे, ती कडू आहे असे ती ओरडून सांगत होती तेव्हा आम्ही फाटकाबाहेर पडत होतो. माझ्यासाठीही ती रडली. ते रडणे मी कुठे ठेवू, मला कळत नाही.

मित्रांनो, मला दया दाखवा असे मी म्हणणार नाही. दिसले तर मारा, हेच बरोबर आहे. माझी विनंती वेगळी आहे. घरात कुणाला ताप आला तर तो कुणाच्या माथी मारायचा हे ठरवण्याआधी पलंगाखाली, माठामागे, पडद्याच्या घडीत बघा. विचारायला कुणी दाराशी आला तर त्याला चांगली खोली दाखवू नका, ज्या खोलीत राहता ती दाखवा. लाज वाटेल. वाटू द्या. लाजेने माणूस मरत नाही, हे आज आफ्येने करून दाखवले आहे. फक्त लाजेपायी दार लावून घेऊ नका, कारण आम्हाला हिवाळ्यात तेवढीच जागा लागते.